थिजलेले पाय

नव्या मजुरांना अस्वलाबद्दल सांगायचं काम दरवर्षी बिसरामकडे यायचं. नागझिऱ्याच्या जंगलात चौदा वर्षं रोजंदारीवर काढलेला माणूस, म्हणून वनरक्षक चुन्नीलाल त्यालाच पुढे करायचा. बिसराम काठी दगडावर आपटून दाखवायचा. "पळाचं नाई गा. काठी आपटाची, बोंब माराची, अन् संगातल्या मानसाले सोडाचं नाई." ऐकणारे माना डोलवायचे.

त्या फेब्रुवारीत जाळरेषेचं काम सुरू होतं. वणवा पुढे सरकू नये म्हणून जंगलातला एक पट्टा झाडून मोकळा करायचा, ते काम. सोबत उदाराम होता, बिसरामची बायको दुर्पता हिचा धाकटा भाऊ. उदारामला या कामावर बिसरामनंच लावलं होतं. दोघं पंधरा-वीस पावलांच्या अंतरानं पालापाचोळा ओढत चालले होते. सकाळचे दहा वाजले असतील.

अस्वल बांबूच्या रांजीतून, दाट बेटातून, निघालं. मागे पिल्लू होतं. उदाराम वळायच्या आत अस्वल त्याच्या अंगावर गेलं.

बिसरामच्या हातात काठी होती. ओरडायला त्यानं तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. पाय उचलायला गेला, ते उचलेचनात. उदाराम "भाऊजी! भाऊजी!" करत होता आणि बिसराम पाहत होता. सगळं दूर कुठंतरी चाललंय आणि आपण तिथं नाहीच, असं त्याला वाटलं. किती वेळ गेला ते त्याला कधीच सांगता आलं नाही. पिल्लू रांजीत शिरलं, तसं अस्वलही आपणहून निघून गेलं.

मग पाय सुटले. त्यानं उदारामला खांद्यावर घेतलं आणि अडीच-तीन किलोमीटर चालत रस्त्यापर्यंत आणलं. बिसरामचा सदरा रक्तानं चिंब झाला होता. गाडीत चुन्नीलालनं विचारलं, "कसा हाकलला गा?"

बिसरामच्या तोंडून एकच शब्द आला. "काठीनं."

तो शब्द त्याच्या आधी गावात पोचला. उदारामला नागपूरला हलवलं. डावा डोळा गेला, जबडा जोडावा लागला, पण जीव वाचला. बिसरामनं वाचवला, असं सगळे म्हणू लागले. मार्चमध्ये वनखात्याच्या एका कार्यक्रमात त्याला शाल आणि नारळ मिळाला. साहेब बोलत असताना बिसराम खाली मान घालून उभा होता. लोकांना वाटलं, साधा माणूस आहे, लाजतो. दुर्पता पहिल्या रांगेत होती. भाऊ वाचला तो नवऱ्यामुळं, हे ती कोहमाऱ्याच्या बाजारात भाजीवालीलासुद्धा सांगायची. ती सांगत असली की बिसराम पिशवी घेऊन पुढे निघून जायचा.

नागपूरला तो पहिल्या दिवशी गेला होता, उदाराम बेशुद्ध असताना. त्यानंतर गेला नाही. कामाचं कारण सांगायचा. खरं कारण एकच होतं. उदारामनं आपल्याला उभं पाहिलं होतं की नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं.

एप्रिलपासून शरीर बिघडायला लागलं. वाळल्या पानांवर कुत्रं चाललं तरी छाती धडधडायची. जेवण उतरत नव्हतं, पोटात आग पडायची, सकाळी तीन-तीनदा बाहेर जावं लागायचं. झोप लागली न लागली तोच दचकून उठायचा. हृदयाचा आजार असेल म्हणून दुर्पतानं त्याला गोंदियात फुलचूरच्या एका डॉक्टरकडे नेलं. छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, ती चांगली आली. डॉक्टर म्हणाले, "टेन्शन मत लो." बाहेर येताना बिसरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अस्वल हाकलणारा म्हणून ज्यानं शाल घेतली, त्याला टेन्शनचा आजार!

मग गावच्या उपकेंद्रात बीपी मोजायला जाणं सुरू झालं. तिथली आरोग्य अधिकारी रुची ही फुलचूरचीच, तिशीच्या आतली. पहिल्या दिवशी बीपी एकशे अठ्ठ्याहत्तर-एकशे दहा निघालं. तिनं गोळ्या दिल्या, मीठ कमी करायला सांगितलं. बिसराम गोळ्या घ्यायचा, कधी विसरायचा.

जुलैमध्ये एका सकाळी रुची त्याच्या दंडाला पट्टा बांधत होती. पहिल्यांदा मोजलं तेव्हा एकशे बावन्न आलं. पुन्हा मोजताना शेजारी बसलेली दुर्पता आनंदानं म्हणाली, "मॅडम, उदा येऊन राहिला सोमवारी. सुटी देल्ली त्याले." यंत्रावर एकशे चौऱ्याऐंशी आलं.

रुचीनं आकड्याकडे पाहिलं, मग बिसरामकडे. "दुर्पताबाई, तुम्ही जरा बाहेर बसा. यांना निवांत मोजते." दुर्पता गेल्यावर तिनं पट्टा सोडला. "भाऊ, उदारामचं नाव ऐकलं आणि बीपी बत्तीसनं चढलं. काय झालं होतं?"

"काही नाई."

रुचीनं नोंदवही मिटूनच ठेवली. बिसराम खाली बघत राहिला आणि मग फरशीलाच सांगितल्यासारखं म्हणाला, "मी काठी उचललीच नाई, मॅडम. उभाच होतो."

सगळं सांगून झाल्यावर त्याचा चेहरा घामानं भिजला होता. रुचीनं त्याला पाणी दिलं.

"धोका दिसला की डोकं विचारायला थांबत नाही," ती म्हणाली. "शरीर स्वतःच ठरवतं. लढायचं, पळायचं, नाहीतर थिजायचं. त्या वेळी रक्तात असं काही सुटतं की छाती धावते, रक्ताचा जोर वाढतो, पोट आपलं काम बंद करतं. धोका टळला की तासाभरात ते उतरायला पाहिजे. पण तुम्ही रोज मनात तिथंच उभे राहता, म्हणून शरीराला वाटतं अस्वल अजून समोरच आहे. पाच महिने असं चाललं तर बीपी, पोट, झोप, सगळं बिघडणारच. चितळाचं पाडस गवतात निपचित पडतं ना? तुम्हीच पाहिलं असेल. ते काय ठरवून पडतं?"

बिसरामनं असं पाडस कितीदा पाहिलं होतं, दोन हातांवरून. तरी त्यानं नकारार्थी मान हलवली. "पाय थिजले ते समजलं, मॅडम. पन 'काठीनं' म्हनलो, ते तं मीच म्हनलो. ते शरीरानं नाई म्हनलं."

रुचीनं पट्टा गुंडाळून ठेवला. "गोळी चुकवू नका," ती म्हणाली, "आणि हे ज्यांना सांगायचं, त्यांना सांगा. गोंदियात मानसिक आजाराचे डॉक्टर आहेत, चिठ्ठी देते. पागल लोकांसाठीच असतात असं नाही."

उदाराम सोमवारी आपल्या घरी आला. सारं गाव त्याला भेटून गेलं. बिसराम आठ दिवसांनी गेला, तेही दुर्पता बाजाराला गेलेली पाहून. उदाराम ओसरीवर बाजेवर बसला होता. अर्धा चेहरा ओढलेला, डोक्याला दुपट्टा. बिसराम जमिनीवर बसला.

"उदा, मी त्या दिवशी..."

"उभे होते," उदाराम म्हणाला. जबड्यामुळं शब्द अडखळत येत होते. "मले मालूम हाय. एक डोळा चालू होता ना माझा."

बिसरामला वर बघवेना. "मंग कोनाले सांगतलं काऊन नाई?"

"ताई हरदम फोनवर तुमचीच तारीफ करे. कोनत्या तोंडानं सांगू?" त्यानं दुपट्टा सारखा केला. "त्याचा राग नाई मले, भाऊजी. अस्वलासमोर माझीबी बोबडी वळली असती. पन नागपुरात मी पाच महिने पडून होतो. डोळा गेला तवा, जबडा बांधला तवा. सारे येऊन गेले. तुमी काऊन नाई आले? मी दरवाजाकडे पाहो."

या प्रश्नाची तयारी बिसरामनं केली नव्हती. तो रडला. उदारामनं त्याला उगी केलं नाही, जा असंही म्हटलं नाही.

त्याच संध्याकाळी बिसरामनं दुर्पताला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले. ती म्हणाली, "तुमचे पाय थिजले, हे मी समजून घेईन. पन मी बाजारात, सोयऱ्याईत छाती काढून सांगत फिरली. मले कायले फिरू देल्लं? आता माझी लाज मी कुठी ठेवू?"

दुसऱ्या दिवशी बिसराम चुन्नीलालकडे गेला. त्यानं चुन्नीलालला खरं सांगितलं, तर तो म्हणाला, "अहवालाचा कागद होऊन गेला, आता राहू दे." चुन्नीलालनं त्याला जाळरेषेवरून काढून पाणवठ्याच्या टाक्या भरायच्या कामावर ठेवलं.

गोळी तो आता रोज घेतो. महिन्यातून एकदा गोंदियाच्या डॉक्टरकडे जातो आणि कुणी विचारलं तर कुठं चाललो ते सांगतो. बीपी एकशे अडतीसवर आलं आहे. दुर्पता त्याच्याशी बोलते, पण चारचौघांत त्याचं नाव निघालं की ती विषय बदलते, आणि ते त्याच्या लक्षात येतं.