राजश्रीची साफ केलेली गाणी

राजश्री गेल्याचा फोन तिच्या थोरल्या भावाचा, शिवआप्पांचा आला, तेव्हा मी निलंग्यात एका लग्नाचे स्पीकर बांधत होतो. कावीळ अंगावर काढली म्हणे... तिला जाऊन सहा आठवडे झाले. एव्हाना दुःख ओसरायला हवं होतं, पण माझा संतापच वाढत चालला आहे.

राजश्री गायची आणि आपल्याच आवाजाचे तुकडे कम्प्युटरवर एकमेकांवर चढवायची. लातूरला घरच्या डाळमिलमध्ये चाळणीपाशी ती रेकॉर्डर घेऊन तासन्‌तास उभी राही. त्या घरघरीत तिला तिचा सा सापडे. परदेशांतून तिला बोलावणी येत. लातुरात मात्र एकच कार्यक्रम झाला, तोही मी संयोजकांना गळ घातली म्हणून. गाणं सुरू होतं न होतं तोच ते माझ्याकडे धावत आले. "अहो, नुसतं घर्र घर्र व्हायलंय, मशीन बिघडली का तुमची?" आणि मी, इतक्या वर्षांचा साउंडवाला, गाढवपणानं ती घरघर कमी केली. राजश्री थांबली. माइकमधूनच म्हणाली, "तेच गाणं हाय, गजानन. त्याला हात लावू नको." लोक हसले. मी तिची माफी मागितली नाही. वाटलं, मागू नंतर...

परवा शोकसभा झाली. हसणारे तेच लोक हार घेऊन पहिल्या रांगेत, आणि मागे फलक 'मराठवाड्याची कोकिळा'. मग आप्पांनी तिची शेवटची, अजून कुणीच न ऐकलेली सहा गाणी लावली. घरघर गायब. तिच्या गळ्यामागे तबला न् पेटी. नांदेडच्या कुठल्याशा स्टुडिओत आप्पांनी ती साफ करून घेतली होती.

"आप्पा, मूळची गाणी कुठंयत?"

"ती उडवली की. लई खरखर होती त्यात. म्हटलं, बहिणीचा आवाज लोकांला नीट ऐकू यावा."

त्यांचे डोळे भरले होते. तरी मी भरसभेत त्यांच्यावर ओरडलो. त्यातलं अर्धं ओरडणं माझ्यावरच होतं, पण त्याची मला आजही लाज वाटत नाही.

काल आप्पा घरी आले. मिलमध्ये उभं राहून मोबाइलवर चाळणीचा आवाज भरून आणला होता त्यांनी. "ह्यो परत घालता येतो का बघा त्यात."

मिल तीच, चाळणीही तीच. पण राजश्रीनं तो आवाज कुठं उचलला आणि कुठं सोडला, हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. तसं मी सांगितलं. आप्पा बराच वेळ मोबाइल हातात धरून बसून राहिले. मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.