कंठ माझा भरलेला

मालतीमावशी गेल्याचं वैशालीने फोनवर सांगितलं, तेव्हा तिचा आवाज स्थिर होता. "काल संध्याकाळी आईने नव्या गाण्याची चाल बसवली, आणि पहाटे झोपेतच..."

मावशी माझ्या आईची धाकटी बहीण. उज्जैनला शाळेत शिकवायची आणि लग्नाकार्यात गायची. गाणी स्वतःच रचायची, निम्मी मराठीत, निम्मी माळवीत. माधव नगरात कुणाकडे हळद असली की पहिलं बोलावणं तिला. काका अकाली गेले आणि ही बोलावणी थांबली. कुणी तोंडावर काही बोललं नाही. फक्त मंगलगाणी आता दुसऱ्या बायका म्हणू लागल्या. मावशी घरीच गायची, रचायची... वैशाली मोठी होईपर्यंत असंच चाललं.

वैशालीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी धर्मशाळेत दोन्हीकडच्या बायका गाण्याला बसल्या होत्या. मावशी मधोमध येऊन बसली आणि तिने ढोलक पुढ्यात ओढली. तिच्या नणंदेने हात धरला. "मालती, तू आत बैस. शुभकार्य आहे."

"माझ्या मुलीला माझा आवाज कसा बाधेल, वन्सं?" मावशी शांतपणे म्हणाली आणि गाऊ लागली,

"कपाळ रितं गं बाई, कंठ माझा भरलेला,
लेकी, तुझ्या वाटेवर सूर माझा अंथरला..."

पहिलं कडवं ती एकटीच गायली. बायका खाली बघत बसल्या होत्या. मग मागून एक थरथरता आवाज आला. नवरदेवाची आजी, तीही विधवा, भिंतीला टेकून ध्रुवपद म्हणत होती. तिच्यामागून तिच्या सुना. शेवटच्या कडव्याला वन्संही टाळ्या वाजवत होत्या, डोळे पुसत.

ते गाणं मग मावशीच्या हातात राहिलंच नाही. तिनेच त्याचं माळवी रूप केलं आणि ते गावोगाव गेलं. एकदा राम घाटावर खेड्यातल्या काही बायका आम्हा दोघींना ते गाताना भेटल्या. मावशीने विचारलं, "किसका गाना है, बहनजी?"

"हमारी दादी गाती थीं."

मी सांगायला पुढे झाले, तर तिने मला कोपराने ढोसलं. ऑटोत बसल्यावर हसू आवरेना तिला. "दादीचं झालं ना गाणं... आता ते मरत नाही बघ."

गेल्या शुक्रवारी मी तिच्या घरी गेले. शुक्रवारी दुपारी पुढच्या खोलीत बायका गायला जमतात, हा तिचा शिरस्ता वैशालीने मोडलेला नाही. गल्लीतली एक तरुण बाई उंबऱ्याबाहेर घुटमळत होती. नवरा नुकताच गेलेला. "मैं बस सुनने आई हूँ," ती म्हणाली.

वैशालीने सरकून मधली जागा रिकामी केली.

"सुनने वाले बाहर बैठते हैं, भाभी. आप अंदर आइए."

ती आत आली.