सालेकशातली थंड चूल

गोंदियाहून गाडी सुटली तेव्हा स्वेटरवर शाल, शालीवर मफलर, तरी माझे दात वाजतच होते. विदर्भात नुसता उन्हाळाच असतो असं आम्ही कोल्हापूरकरांनी समजायचं, आणि पौषात येऊन कुडकुडायचं! खिडकीबाहेर कापणी झालेली धानाची शेतं सरली, जंगल सुरू झालं.

मी सुमित्राला कोल्हापूरला न्यायला निघाले होते. नागपूरच्या होस्टेलात आम्ही एका खोलीत राहिलो होतो. दिवाळीनंतर तिचे यजमान गेले. परवा तिच्या जावेचा फोन आला, "तुम्ही तरी या."

सालेकशाला शेजारीच राहणाऱ्या जाऊबाई अंगणातच भेटल्या. "रोज सकाळी भाऊजीच चूल पेटवत. ते गेले, तशी थंडीच आहे. माझा डबाही तसाच पडून राहते."

सुमित्रा भिंतीकडे तोंड करून पडली होती. "आलीस?" एवढंच म्हणाली.

सकाळी ठरवलं, चूल पेटवायची आणि हिला गरम चहा पाजायचा. चूल लाकडांनी गच्च भरली, फुंकणीनं जीव खाऊन फुंकलं. नुसता धूर! शेवटी सांदवाडीत (घरामागच्या आवारात) बांबूच्या बेटाखाली सुके तुकडे दिसले, ते आणून खुपसले. लगेच पेटले की! मी स्वतःवर खूश होते, तेवढ्यात फाट्कन आवाज झाला आणि निखारा माझ्या शालीवर.

"बांबू जाळून राहिली का?" सुमित्रा चक्क उठून आली होती. "काऊन लावला? बांबू तिरडीले लागते, माय. चुलीत नाही घालत!" तिनं जळता तुकडा ओढून पाण्यात बुडवला आणि तशीच बसून राहिली. "त्यांच्यासाठी याच बेटातला तोडला होता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मांग सरक," ती म्हणाली. मी कोंबलेली सगळी लाकडं तिनं बाहेर काढली. दोन जाड लाकडं अंतर ठेवून मांडली, मधे बारीक काड्या, वर ढलप्या. "ते म्हणत, कोंबू नको, वारा जाऊ दे." एकदाच हळू फुंकलं. जाळ उभा राहिला. मग ती रडली, मोठ्यानं. जाऊबाई म्हणाल्या, ते गेल्यापासून पहिल्यांदाच. मीही रडले.

दुपारी तिनं निखाऱ्यावर वांगी भाजली. भरीत, नव्या तांदळाचा भात. तीही जेवली, हे महत्त्वाचं.

"चल माझ्याबरोबर," निघताना मी म्हटलं.

"आणि चूल कोण पेटवंल?"

एकटीच परतले. शालीला भोक पडलंय, धुराचा वास धुऊनही जात नाही. रोज सकाळी गॅसवर चहा ठेवला की मी फोन लावते.

"पेटली का गं?"

"पेटली. तू चहा पी."