इंझोरीच्या चौदा खेपा

एकोणीस जुलै, सकाळचे अकरा. रक्कम एक हजार सहाशे ऐंशी रुपये, म्हणजे वर्षभरात इंझोरीला जाण्यायेण्याचं पेट्रोल. कारंज्याला कर सल्लागाराच्या दुकानात तो, मी आणि माझी आई. डोळे तपासायला तिला इंझोरीहून आणलं होतं. परत सोडण्याआधी विवरणपत्राचं काम उरकावं म्हणून तिलाही तिथेच बसवलं.

मी शेतातल्या पंपांच्या मोटारी दुरुस्त करतो. स्वतःचा धंदा असला की खर्च दाखवून तेवढ्यावरचा कर वाचतो, पण तो खर्च धंद्याचाच हवा. म्हणून प्रत्येक खेपेची नोंद ठेवतो.

"इंझोरीच्या चौदा खेपा," सल्लागार म्हणाला. "यातल्या घरच्या किती, भाऊ?"

"एकबी नाही. दर खेपेले कोनाची ना कोनाची मोटार पाह्यली. बिलं हायेत."

"असं गिऱ्हाईक पायजे. लोक तं साल्याच्या लग्नाले जाऊन येतात अन् पेट्रोल धंद्यात टाकतात."

तो हसला, मीही हसलो. आई हसली नाही.

"चौदाच वेळा तं आला तू," ती म्हणाली. "म्हंजे गावात कोनाची मोटार जळली, तवाच तुले माय आठोते."

नियमाने मी चुकलो नव्हतो. पण निघण्याआधी मी गावातल्या गिऱ्हाइकांना फोन करायचो, आणि सगळ्यांच्या मोटारी चालू असल्या की आईकडे जाणं पुढच्या आठवड्यावर ढकलायचो. हे तिला माहीत नव्हतं. चौदा खेपांवर वाचणारा कर एकशे पंच्याहत्तर रुपये. हा हिशेब मी तिच्या शेजारी बसून मनात केला आणि मान वर करवेना.

"या खेपा काढून टाका," मी म्हणालो.

"काहून? पक्का खर्च हाये."

"राहू द्या न," आई त्याला म्हणाली. "काम तं केलंच न त्यानं."

मी तरी काढायला लावल्या. सरकारला एकशे पंच्याहत्तर रुपये जास्तीचे भरले.

संध्याकाळी तिला घरी सोडलं. गाडी वळवत होतो तोवर ती आतून नोटा घेऊन आली.

"घे, पेट्रोलचे. पुढच्या खेपेले काम नोको काढू, असाच ये."

मी नोटा घेऊन मोजल्या. आईने मला एका खेपेचे एकशे वीस रुपये दिले.