सोलरखालची मेंढरं

गायरानावर सोलर येणार असं ग्रामसभेत सांगितलं, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत माझा नवरा पहिला होता. त्याचंही काही चुकत नव्हतं. शेतीला लाईट यायची ती रात्रीची. साप, विंचू, त्यात बिबट्याची आवई, आणि हा माणूस बॅटरी घेऊन कांद्याला पाण्याची दारं धरायला जायचा. सोलरमुळे लाईट दिवसा मिळणार होती. पण माझ्या शेळ्या चरायच्या त्याही त्याच गायरानावर. टाळ्या थांबल्यावर मी उठले आणि विचारलं, आमच्या जनावरांनी आता काय काचा खायच्या? सभा हसली. माझं डोकं मात्र तापलं होतं.

कंपनीचा साहेब तरुण, बोलायला गोड. कुंपणाच्या आत जनावरं नकोत, एवढंच तो गोडीनं सांगत राहिला. मीही चिवट. दिवसाची लाईट आम्हाला हवीच आहे, पण घरातल्या एकाला सुख देताना दुसऱ्याच्या तोंडचा घास काढू नका, हे मी त्याला गाठून गाठून ऐकवलं. शेळ्या राखणाऱ्या बाकीच्या बायकाही माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या. पॅनेल बसले तरी आमचं टुमणं सुटेना, तेव्हा तो वैतागून म्हणाला, एकदा आणूनच दाखवा.

मी शेळ्या घेऊन ऐटीत गेले. माझ्या शेळ्या माझ्या शब्दाबाहेर नाहीत, असं सगळ्यांसमोर सांगून बसले होते. आत सोडल्या मात्र, माझी सगळ्यात लाडकी शेळी टुणकन उडी मारून थेट पॅनेलवर. तिनं वरून सगळ्या गावाकडे निवांत पाहिलं आणि तिथंच लेंड्या टाकल्या. नवरा एवढा हसला की त्याला खाली बसावं लागलं.

"शेळी हाय ती, चढनारच," तो म्हणाला. "मेंढी आसती तर गपगुमान खाली चरली आसती."

तो चेष्टेनं बोलला, पण मी ते धरून ठेवलं. मेंढरं राखायची ती धनगरांनी, आमच्या भावकीत शेळ्याच, हे इतकं ठरलेलं की मलाही कधी दुसरं सुचलं नव्हतं. पुढच्या बाजारी शेळ्या विकल्या आणि मेंढ्या आणल्या. लाडकीला सोडताना रडू आलं. सासूबाई कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

पावसाळ्यात सोलरखाली गवत गुडघ्याला लागलं. कापायला मशीन आणलं तर त्याच्या पात्यानं दगड उडून पॅनेल तडकले. मग मेंढ्या आत सोडा म्हणत साहेब स्वतः आमच्या ओट्यावर येऊन बसला. मी आधी चहा पाजला, मग अटी सांगितल्या. एकट्या माझ्या नव्हे, जी कुणी मेंढ्या घेईल तिच्या मेंढ्या आत चरतील. जनावरांना प्यायला आत हौद बांधायचा. आणि हे सगळं ग्रामसभेत सांगायचं.

"मावशी, तुम्ही म्हणाल तसं," तो म्हणाला.

ग्रामसभेत त्यानं ते सांगितलं, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पहिली होते.

पाऊस सरला, हौद भरला आणि दिवसाची लाईटही सुरू झाली. त्या दुपारी मेंढ्या पॅनेलच्या सावलीत खाली मान घालून चरत होत्या. कुंपणापलीकडे, आमच्या रानात, नवरा लख्ख उन्हात दारं धरत होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याला असं उजेडात पाणी देताना मी पहिल्यांदाच पाहत होते. मी त्याला जेवायला हाक मारली. तो मोटर चालूच ठेवून आला आणि आम्ही दोघांनी मेंढ्यांजवळ बसून भाकरी खाल्ली.

"आज राच्च्याला मी घरीच हाय," तो म्हणाला.