पडून बघणारा मिस्त्री

"जरा पडून बघतो," असं म्हणायचा आणि मिस्त्री सरळ जमिनीवर आडवा व्हायचा. कोणाला खोली वाढवायची असली की त्याचं पहिलं काम हेच. टेप नंतर, पेन्सिल नंतर. मोकळ्या जागेत टॉवेल अंथरायचा, हात पोटावर ठेवायचा, डोळे मिटायचा. तुम्ही बघितलं असतंत तर तुम्हीपण म्हणाला असतात, झोपला. मी तर बायकोला सांगितलं, "चहा नको टाकूस, हा घोरेल आता."

तो डोळे न उघडता म्हणाला, "टाका वैनी. साखर कमी."

आम्ही तेव्हा घाटकोपरला टेकडीवर राहायचो. दहा बाय बाराची खोली, त्यात मी, बायको आणि दोन पोरी. मागे सहा फुटांची मोकळी पट्टी, तिथे चाळीचा कचरा. गावाला आई पडली, कमरेचं हाड मोडलं. घरात एकटी. शेजारीण दोन घास घालायची. मी आणायला गेलो तर म्हणाली, "तुझ्या खोलीत पाय पसरूक जागा नाय. अडचण करूक मी येवचंय नाय." हट्टी बाई. म्हणून ती मागची खोली काढायची होती. ती झाल्याशिवाय आई येणार नव्हती.

बजेट मी स्वतः केलं. मी चौथी नापास, पण आकडे येतात. कॅलेंडरच्या मागे सगळं लिहून काढलं. रंगीत टाइल्स, पंखा, खिडकीला मोराची ग्रिल, आणि चहा पीत उभं राहायला छोटी गॅलरी. समोर काय दिसणार, तर सार्वजनिक संडास. पण गॅलरी पाहिजेच. मिस्त्रीला शेठच्या आवाजात सांगितलं, "सात हजारांपर्यंत जाऊ आपण." खिशात होते चार. तेपण भिशी लागली म्हणून.

मिस्त्रीने उठून पाठ झटकली, कॅलेंडर वाचलं.

"दरवाजा कुठंय?"

"कसला?"

"खोलीचा. आजींना आत कोण नेणार, मोर?"

सगळं लिहिलं होतं बघा. दरवाजा राहिला.

"आणि मालक, चारात गॅलरी बसत नाही."

"अरे, मी सात म्हटलं ना?"

"तुम्ही सात म्हणालात. पण ते ऐकून वैनींच्या हातातली कपबशी वाजली. ती चारच म्हणाली."

बायको तोंडाला पदर लावून आत पळाली. मी खाली बघून मोर खोडला.

तो परत आडवा झाला. "आजी कुठल्या कुशीवर झोपतात?"

आता काय सांगू तुम्हाला! पस्तीस वर्षांचा घोडा मी, आणि आईची कूस मला माहीत नाही. बायको आतून म्हणाली, "डाव्या."

"मग तोंड भिंतीकडे जाईल. भिंतीशी किती बोलणार?" असं म्हणून तो डोळे मिटूनच हळूहळू बोलायला लागला. "खाट इथे... सकाळी ऊन पायावर... तिकडे वैनी भाकऱ्या थापतायत... पोरी भांडतायत, त्यातल्या धाकटीचं खरं आहे... आजी ऐकतायत..." आम्ही नवरा-बायको त्या कचऱ्यात उभे होतो, पायाखाली अंड्याची टरफलं. पण खोटं नाही सांगत, मला भाकरीचा वास आला. बायकोने तर चालताना खाटेला वळसा घातला. खाट नव्हतीच तिथे.

"मधल्या भिंतीत खिडकी पाडू," तो म्हणाला. "घरातून घरात. पाडायला विटा लागत नाहीत, उलट चार निघतील."

दरवाजाची जबाबदारी मी घेतली. चूक माझीच ना! मी साकीनाक्याला पॉलिशच्या मशिनवर होतो. तिथे एका भंगारवाल्याकडे लोखंडी दरवाजा दिसला, सरकणारा, लिफ्टचा. तीनशेला म्हणाला. म्हटलं झकास, साहेबांच्या बिल्डिंगमधला माल. हातगाडीवर घालून चार माणसांनी टेकडीवर चढवला. अख्खी चाळ गोळा झाली. उघडून बघतो तर आमच्या भिंतीपेक्षा दरवाजा लांब.

"काय रे, किती माळे चढवतोयस?" शेजारचा म्हणाला. बायको दोन दिवस बोलली नाही. कारण ते तीनशे छपराचे होते. पत्रे आणायला गेलो तर एक कमी पडला, नेमका खाटेवरचा.

मिस्त्री हसला नाही. हसला असता तर बरं वाटलं असतं. लिफ्टच्या दरवाजाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "एक पट्टी काढून भिंतीत बसवू. आजींना धरून उठायला. बाकीचं परत द्या." भंगारवाल्याने अर्ध्या किमतीत परत घेतला, आणि वर मला चहा पाजला. एवढं चांगलं गिऱ्हाईक त्याला कुठे मिळणार! दरवाजा शेवटी आमच्या कारखान्यातल्या खोक्यांच्या फळ्यांचा झाला. त्यावर 'उलटे करू नये' असं छापलेलं तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री डोक्यावर एक पत्रा घेऊन आला. फायबरचा, हिरवा, कोपरा तुटलेला. कुठल्यातरी कारखान्याच्या जुन्या छपराचा. "एवढाच मिळाला. रंग आवडला नाही तर तुमच्या लिफ्टला विचारा."

आई एष्टीने आली. शेजारच्यांनी खुर्चीवर बसवून टेकडीवर आणली. खाटेवर ठेवली तेव्हा दुपार झाली होती. वरून हिरवा उजेड पडत होता. तिच्या हातावर, पांढऱ्या केसांवर, उशीवर. बाहेर वारा सुटला की झाडाची सावली पत्र्यावरून सरकायची आणि अख्खी खोली पाण्यात असल्यासारखी हलायची. ती खूप वेळ वर बघत राहिली.

"फणसाखाली पडल्यासारख्या वाटता रे," म्हणाली. मग लगेच सावध झाली. "आठ दिस रवतंय. नववो नको."

गाठोडं उशाशी. गाठ सोडायची नाही. बायको मधल्या खिडकीतून तिच्याशी दिवसभर बोलायची, माझ्याबद्दलच बहुतेक. दोघी हसायच्या आणि मी आलो की गप्प.

आठव्या दिवशी मी घाबरत विचारलं, "आई, तिकीट काढू?"

ती छपराकडे बघत म्हणाली, "आधी माझ्या लुगड्याक एक खुंटी मार."

बायको गाठोडं सोडायला बसली.

मी मिस्त्रीला सांगायला पळालो. कांजूरमार्गला काम चालू आहे म्हणाला होता. खुंटी त्याच्याच हातची पाहिजे होती, आणि आई राहिली हे त्याला कळायला पाहिजे होतं. साइटवरचा वॉचमन म्हणाला, "तो तर गेला. मस्कतला. कंत्राटदाराने नेला."

"कधी येणार?"

"ते काय मला सांगून गेलाय?"

मस्कत कुठल्या बाजूला ते मला माहीत नव्हतं. समुद्रापलीकडे एवढं ऐकलेलं. मी खाडीकडे तोंड करून दोन मिनिटं उभा राहिलो, मनातल्या मनात त्याला सगळं सांगितलं. पुढे कोणीतरी सांगितलं, मस्कत बरोबर उलट्या बाजूला. म्हणजे मी त्याला पाठ दाखवून बोलत होतो.

तो परत दिसला नाही.

खुंटी मीच मारली. तिसऱ्या ठोक्याला भाकरीएवढं प्लॅस्टर खाली आलं. चौथ्याला खुंटी बसली, वाकडी. आईने लुगडं पुढे केलं. नऊवारी ते, उलगडून टाकलं तर अर्धी भिंत झाकली गेली. पडलेलं प्लॅस्टरपण. त्यानंतर ते लुगडं तिथून कधी हललं नाही, धुवायला गेलं तर दुसरं यायचं. माझं काम कोणाला दिसलं नाही.