मागच्या दाराची कडी आणि मोह

आत्या गेल्याचं कळल्यावर जवळजवळ प्रत्येकानं मला आधी एकच विचारलं, "वाघानं का?" आरमोरीकडच्या गावातून अचानक मरणाची बातमी आली की आमच्या भागात हे विचारतातच. नाही... हृदय बंद पडलं, भर दुपारी, पडवीतल्या बाजेवर. मी बँकेत होते. शेजारच्या शेवंताबाईंचा फोन आला, "पोरी, लवकर ये. सिस्टरबाई उठून नाई राह्यली." आत्या आरोग्यसेविका होती. निवृत्त झाली तरी गाव तिला सिस्टरबाईच म्हणायचं.

मी ऊर्जानगरला, वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये वाढले. तिथंही बिबट्याची धास्ती असायचीच. शाळेची बस दाराशी येईपर्यंत आई फाटक उघडत नसे. पण सुट्टीत आत्याकडे पाठवायचे तेव्हा मी पिशवी भरायलाच तयार नसे. तिच्या घराच्या मागे कुंपण, कुंपणामागे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि लगेच जंगल. आणि आत्या त्या बाजूला मुद्दाम झाडं लावत होती, पाखरं-जनावरं यावीत म्हणून! मला तिथं गुलमोहर हवा होता. चित्रकलेच्या वहीत मी तोच काढायचे. ती म्हणाली, "दिसाले चांगला हाय वो. पन त्याच्यावर जेवाले कोन येते?" तिची निवड अशी होती. उंबर आणि बोर अगदी कुंपणाशी, म्हणजे खाणारे लांबच राहतील. मधे पळस आणि करंज, विरळ, नजर आरपार जाईल असे. घाणेरीचं रोपटं दिसलं की मुळासकट उपटायची, कारण तिच्या जाळीत बिबट्या बसला तर दिसत नाही. घराजवळ फक्त कडुनिंब आणि झाडून ठेवलेली मोकळी जमीन. हिरव्या हरियाल कबुतरांचा थवा उंबरावर उतरला की मी खिडकीतूनच बघायचे, गज धरून.

एवढी सावध बाई, पण एक चूक तिनंही केली. मोहाचं झाड मागच्या दाराजवळ लावलं. तिच्या लहानपणी पहाटे मोहफुलं टपटपायची आणि त्या आवाजानं ती जागी व्हायची. तो आवाज तिला पुन्हा हवा होता. मोह वर्षानुवर्षं नुसता वाढत राहिला. मी नोकरीसाठी तिच्याकडे राहायला आले, त्याच उन्हाळ्यात तो पहिल्यांदा फुलला. आणि फुलांच्या वासानं अस्वल आलं.

"सिस्टरबाई, अस्वलाले आवतन देल्लं का?" भिंतीवरून शेवंताबाईंनी विचारलं.

"आवतन काऊन देऊ? फुकटचा पावना हाय तो," आत्या म्हणाली. दोघी हसल्या. पण हसताना शेवंताबाईंची नजर मोहावरून हलत नव्हती. त्यांच्या दिराचा अर्धा चेहरा अस्वलानं ओरबाडलेला आहे.

तेव्हापासून आत्याची रोजची पद्धत ठरली. उजाडता उजाडता ती बंद दाराशी उभी राहायची. आधी कडीची साखळी खुळखुळायची, मग तिचा आवाज, "सरका बाप्पा, मी येऊन राह्यली!" बाहेर पाचोळा चुरचुरायचा, दूर जायचा... तो थांबला की मगच ती दार उघडायची. मी तिच्या मागे, भिंतीला पाठ लावून उभी असे. एकदा विचारलं, तुला भीती नाही वाटत? म्हणाली, "त्याले आपलं भेव, आपल्याले त्याचं. आधी सांगून देल्लं का दोघाईलेई बरं." मग ती फुलं झाडून घ्यायची आणि वाळवायला शेवंताबाईंना द्यायची. तिचा आवाज ऐकल्यावरच आमच्या ओळीतली बाकीची मागची दारं उघडायची.

यंदा फुलं पडायच्या आधीच आत्या गेली. तेरवी झाल्यावर बाबा म्हणाले, "तो मोह तोडून टाकू. रविवारी माणूस पाठवतो. तू इथं एकटी, आणि तुझा आवाज तर शेजारच्या खोलीतही ऐकू येत नाही." खरंच होतं ते. बँकेत लोक माझ्या काउंटरवर वाकून कान पुढे करतात. शेवंताबाई म्हणाल्या, "तोडा का ठेवा, तुमचं तुमी पाहा. पन सकाळी आता कोन आवाज देते? आमाले दार उघडाले भेव वाटते."

मग फुलं पडायला लागली. मी मागचं दार उघडतच नव्हते. न झाडलेल्या फुलांचा गोड, जड वास घरात शिरायचा. अस्वल आता दाराच्या अगदी पलीकडे यायचं. त्याचं हुंगणं, चघळणं मला अंथरुणात ऐकू यायचं.

शनिवारी उजाडताना ते तसंच आलं. मी पांघरूण घट्ट धरून पडले होते. तेवढ्यात भिंतीपलीकडे शेळी ओरडली, शेवंताबाई खोकल्या, "आली वो, काऊन ओरडते," म्हणाल्या. आणि त्यांच्या मागच्या दाराचा अडसर सरकल्याचा आवाज आला. त्यांना माहीत नव्हतं. दारापासून दारापर्यंत किती ते अंतर...

मी दाराशी कशी पोचले आठवत नाही. हात कडीवर पडला. घशातून मोठ्यानं निघालं ते आत्याचंच वाक्य, "सरका बाप्पा, मी येऊन राह्यली!" चघळणं थांबलं. बराच वेळ काहीच नाही. मग पाचोळा चुरचुरला आणि कुंपणाकडे गेला.

पलीकडून शेवंताबाईंचा आवाज आला, बारीक झालेला, "कोन वो? पोरी, तू?"

"हो. आता उघडा."

दाराशीच उभं राहून मी बाबांना फोन लावला. माणूस पाठवू नका असं मी त्यांना सांगितलं, फुलं मी रोज झाडीन. ते म्हणाले, "मागे ते काय वाजतंय?"

मी पाहिलं. माझा दुसरा हात अजून कडीवरच होता आणि साखळी खुळखुळत होती. मी वाजवत नव्हते, हात थरथरत होता. आत्या जनावरांना कळावं म्हणून कडी वाजवते, असं मी इतके दिवस समजत होते.